गालाचं हाड मोडलंय का, हे कसं ओळखावं

तळवलीतून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलेली दुचाकी पावसात घसरते. अर्ध्या हेल्मेटमुळे डोकं वाचतं, पण गाल उघडाच असतो. डोळा काळानिळा होतो, आपण बर्फ लावतो आणि आत मोडलेलं हाड तसंच राहून जातं.

आधी श्वास आणि शुद्ध पाहावी. जखमी बेशुद्ध पडला, उलट्या झाल्या किंवा नाकातून पाण्यासारखा पातळ द्राव आला, तर लगेच १०८ला फोन करावा.

मग डोळा. एकेक डोळा झाकून बोटं मोजायला सांगावीत. नजर अंधूक होत असेल, डोळा पुढे येऊन कडक झाला असेल, तर डोळ्यामागे रक्त साचत असू शकतं. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये, तिथे मिनिटं मोजायची असतात. मुलांच्या बाबतीत आणखी जपावं. डोळा वरून स्वच्छ दिसतो, पण वर पाहताना मूल कळवळतं आणि ओकतं. डोळ्याखालच्या हाडाच्या फटीत स्नायू अडकला की असं होतं.

आता गाल. सर्वांत बोलकी खूण म्हणजे बधिरपणा. डोळ्याच्या खोबणीखालून एक मज्जातंतू बाहेर पडतो. हाड मोडलं की तो दुखावतो आणि गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ बधिर होतो. दाढा आणि डोळे यांचं दुखणं सगळे विचारतात, बधिरपणा मात्र कुणी विचारत नाही. आपण विचारावा. तोंड पूर्ण उघडत नसेल, एकाचे दोन दिसत असतील, तरी शंका घ्यावी.

खरी फसगत होते ती सुजेमुळे. आत दबलेला गाल काही तासांत सुजून भरतो आणि दोन्ही बाजू सारख्या वाटू लागतात. म्हणून पाच-सात दिवसांनी सूज उतरली की जखमीला बसवून मागे उभं राहावं आणि कपाळावरून खाली दोन्ही गाल पाहावेत. एक बाजू चपटी दिसली तर ते हाड आत गेलेलं असतं.

वरचे-खालचे दात पूर्वीसारखे जुळत नसतील, तर वरचा जबडा सुटा झालेला असू शकतो. तो हलवून पाहणं डॉक्टरांवर सोडावं. रने ल फोर या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १९०१ साली या मोडींच्या तीन रेषा दाखवल्या. आजही डॉक्टर त्या रेषा त्याच्याच नावाने ओळखतात.

साध्या एक्स-रेत मोड निसटू शकते, सीटी स्कॅनमध्ये ती नीट दिसते. हाड जागचं हललं नसेल तर मऊ जेवण आणि देखरेख पुरते. हललं असेल तर साधारण दोन आठवड्यांच्या आत ते उचलून टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात. उशीर झाला तर ते चुकीच्या जागी जुळतं आणि पुन्हा कापावं लागतं.

उपचार होईपर्यंत नाक शिंकरू नये. सायनसमधली हवा डोळ्याभोवती शिरते. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवावं.

हे काम मुख-जबडा शल्यचिकित्सकाचं. ही शाखा दंतवैद्यकातली आहे, त्यामुळे नेरुळच्या डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयात किंवा मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करावी. जाताना अपघाताच्या आधीचा समोरून काढलेला एक फोटो सोबत न्यावा. गाल मुळात कसा होता, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.