दूरध्वनी-प्रवेश सर्व्हर व चल मार्गनिर्धारण

दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेटशी जोडणी करून देणारी सेवा विदेश संचार निगमाने भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांस खुली केली. त्या सेवेचा काळ आता सरला असला, तरी तीत उद्भवलेला मार्गनिर्धारणाचा प्रश्न आजही अभ्यसनीय आहे.

ग्राहकाचा मोडेम ज्या यंत्रास दूरध्वनी करतो, त्यास प्रवेश-सर्व्हर म्हणतात. जोडणी सिद्ध होताच हा सर्व्हर आपल्या संचातील एक पत्ता ग्राहकास देतो व केवळ त्या पत्त्यापुरता मार्ग आपल्या कोष्टकात नोंदवितो. जोडणी तुटली की नोंद पुसली जाते. हे मार्ग इतर राउटरांस कळवावेत काय, हाच मूळ प्रश्न होय.

दोन ई-१ वाहिन्यांच्या सर्व्हरवर एका वेळी ६० ग्राहक असू शकतात. प्रत्येकाचे येणे-जाणे ओएसपीएफद्वारा जाहीर केल्यास ती वार्ता क्षेत्रातील प्रत्येक राउटरपर्यंत पोहोचते आणि सर्वांची कोष्टके अकारण अस्थिर होतात. यास्तव ६४ पत्त्यांचा सलग संच सर्व्हरला नेमून द्यावा व त्या संचाचा एकच स्थिर मार्ग जाहीर करावा. सर्व्हरवर हा मार्ग ‘शून्य’ द्वाराकडे वळविलेला असावा. अधिक नेमका मार्ग श्रेष्ठ, या नियमानुसार जोडलेल्या ग्राहकाचे पॅकेट त्याच्या तारेवर जाते; न जोडलेल्याचे तेथेच नष्ट होते. ‘शून्य’ मार्ग नसेल, तर असे पॅकेट वरिष्ठ राउटरकडे परत जाते, तो ते पुन्हा सर्व्हरकडे धाडतो, आणि आयुर्मर्यादा संपेतो हा येरझारा चालू राहतो.

मात्र ज्या ग्राहकाचा पत्ता कायमचा ठरलेला आहे, तो अनेक सर्व्हरांपैकी कोणत्याही सर्व्हरवर येऊ शकतो. चल मार्गनिर्धारणाची खरी गरज येथेच पडते. तेवढेच मार्ग निवडून जाहीर करावेत.

ग्राहकाकडून येणाऱ्या मार्गवार्ता स्वीकारू नयेत. अन्यथा एखाद्याची चुकीची घोषणा इतरांची वाहतूक आपल्याकडे ओढून घेईल. त्याच्याकडे मार्गवार्ता धाडूही नयेत. आरआयपी दर ३० सेकंदांनी वार्ता धाडते. गरजेपुरती जोडली जाणारी तार त्यामुळे कधीच मोकळी होत नाही व देयक वाढते. या दोषावर ओएसपीएफमध्ये १९९५ साली व आरआयपीमध्ये १९९७ साली उपाय योजण्यात आले.

तात्पर्य, जे क्षणोक्षणी बदलते ते सर्व्हरपाशीच ठेवावे व जे टिकते तेच इतरांस सांगावे.