क्ष-किरणांना वळण लावताना

१८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि त्याने लगेच त्यांच्या वाटेत प्रिझम आणि भिंगं ठेवून पाहिली. किरण काही वाकेनात. यांना भिंगाने एकत्र आणता येणार नाही, असं त्याने लिहून टाकलं.

शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या शास्त्रज्ञांनी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात ओळीने बारीक भोकं पाडली आणि त्या भोकांचंच भिंग केलं! क्ष-किरणांसाठी धातूचा अपवर्तनांक एकापेक्षा किंचित कमी असतो. त्यामुळे इथला कारभारच उलटा, दोन भोकांमधल्या धातूसारखं अंतर्वक्र भिंग किरण गोळा करतं. एकट्या भोकाचा परिणाम अगदीच नगण्य, म्हणून ओळ.

लेसरवाल्यांना तर क्ष-किरण गोळा करण्याच्या या कसरतीवाचून गत्यंतर नाही. लेसरचा झोत तांब्याच्या पत्र्यावर एका बिंदूत मारला की प्लाझ्मा होतो आणि ८ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टचे क्ष-किरण सुटतात. फेम्टोसेकंद लेसर असेल तर हा लखलखाट सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागातच आटोपतो. स्फटिकातले अणू हलताना टिपायला याहून चांगलं काय हवं? पण किरण उधळतात चहूकडे. १० सेंटिमीटरवर एक चौरस मिलिमीटरचा नमुना ठेवा, सव्वा लाख फोटॉनांतला जेमतेम एक त्याच्यावर पडेल. बाकीचे वाया.

मग आरसे लावू? समोरून पडलेले क्ष-किरण आरशात सरळ घुसतात. तळ्यात तिरपी फेकलेली खापरी जशी टप्पे घेत जाते, तसे ते एका अंशाहूनही कमी कोनात आले तरच परततात. १९४८ मध्ये स्टॅनफर्डच्या कर्कपॅट्रिक आणि बाएझ यांनी असे दोन वक्र आरसे काटकोनात मांडले. पहिला आडवं केंद्रित करतो, दुसरा उभं.  कॅलिफोर्नियातल्या १९२ झोतांच्या एनआयएफ लेसरवर आजही आरशांच्या याच जोडीचे सूक्ष्मदर्शी वापरतात.

दुसरी युक्ती वाकवलेल्या स्फटिकाची. तो फक्त ठरावीक ऊर्जेचेच किरण परतवतो, त्यामुळे प्लाझ्माचा बाकीचा गोंगाट आपोआप गाळला जातो. किरण कमी मिळाले तरी मोजमाप स्वच्छ. मला विचाराल तर खरी हुशारी हीच.

त्रास एकच. लेसरच्या प्रत्येक तडाख्यात पत्र्याला भोक पडतं आणि तांब्याचे शिंतोडे त्या महागड्या आरशांवर उडतात. म्हणून पत्र्याऐवजी सरकती फीत आणि आरशांपुढे प्लॅस्टिकचा पातळ पडदा. तो खराब झाला की बदलायचा.