मैना, झिंगाट आणि सेकंड शिफ्ट

दरवर्षी एप्रिलमध्ये पिंपरीत डॉ. आंबेडकरांच्या नावाने महापालिकेचं विचार प्रबोधन पर्व भरतं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला निगडीत अण्णा भाऊ साठे यांच्या नावाने. परिसंवाद होतात, व्याख्यानं होतात, पण मांडवात पाय ठेवायला जागा उरत नाही ती रात्री, गाण्यांच्या कार्यक्रमाला. भीमगीताला पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत टाळी पडते. महिन्याभराने हीच पोरं कुणाच्या तरी हळदीत ‘झिंगाट’वर घामाघूम होऊन नाचतात. समाजाचं गाणं आणि प्रेमाचं गाणं ऐकणारा माणूस एकच आहे. तरी आपल्या समीक्षेने या गाण्यांना दोन वेगळ्या खोल्या दिल्या आहेत. एकीला प्रबोधन म्हणतात, दुसरीला करमणूक. ही वाटणी मला मान्य नाही. नाचाचा ठेका, प्रेम आणि सामाजिक आशय एकत्र आणणारं मराठी गाणं कुठवर आलं, ते म्हणूनच पाहायला हवं.

मुळात तमाशात हे सगळं एकाच रात्री असायचं. गण झाला की गवळण, गवळणीत छेडछाड, मग बतावणी आणि शेवटी वग. सत्यशोधक जलशांनी हा साचा घेतला, पण त्यातला शृंगार बाजूला सारला. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनीही तेच केलं. त्यामागचं कारण फार खरं होतं. तमाशाच्या फडावर ज्या बायकांना नाचवलं जात होतं त्या बहुतेक दलित घरांतल्या होत्या, आणि त्यांच्या शोषणावर उभी राहिलेली करमणूक चळवळीला चालणार नव्हती. पण त्याची एक किंमत मोजावी लागली. पुढची कित्येक वर्षं चळवळीच्या गाण्यात माणूस लढताना दिसला, शिकताना दिसला, प्रेमात पडलेला क्वचितच दिसला.

वामनदादा कर्डकांनी ही कोंडी आपल्या परीने फोडली. सिन्नरजवळच्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस आयुष्यभर गावोगाव भीमगीतं गात हिंडला. त्यांनीच चित्रपटांसाठी प्रेमगीतंही लिहिली. पण दोन्ही गोष्टी एकाच गाण्यात गुंफायचं काम अण्णा भाऊ साठे यांनी केलं. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड मला आजही या प्रकारची सगळ्यात उंच जागा वाटते.

या छक्कडीची बांधणी नीट पाहावी. सुरुवातीला मुंबईला निघालेला एक गडी गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचं रूप, तिचा शालीनपणा, निरोपाच्या वेळची तिची घालमेल तो आळवून सांगतो. ऐकणारा विरहगीत म्हणून मान डोलावत असतो. मग पोटासाठी वणवण येते, मुंबईतली श्रीमंती आणि काळाबाजार येतो, आणि पाहता पाहता गाणं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिरतं. बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा हे तुटलेले मुलूखच दुरावलेली मैना होतात. प्रेम संपवून उपदेश सुरू केलेला नाही. विरहाची जी कळ पहिल्या कडव्यात लागली, तिच्याच जोरावर शेवटची मागणी उभी आहे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी आलेल्या आणि गिरणीत राबलेल्या माणसालाच हे सुचू शकलं असतं.

जगात या जातीच्या गाण्याचं ठळक उदाहरण म्हणजे बॉब मार्लीचा १९७७ चा ‘एक्झोडस’ हा अल्बम. जमैकात घरात घुसून झालेल्या गोळीबारातून वाचल्यावर त्याने तो लंडनमध्ये केला. तबकडीच्या पहिल्या बाजूला अन्याय, श्रद्धा आणि स्थलांतर, तर दुसऱ्या बाजूला मुख्यतः नाच आणि प्रेम. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९९९ मध्ये त्याला शतकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. तो मोठाच आहे, पण तिथे बाजू पालटावी लागते. अण्णा भाऊंच्या छक्कडीत ती पालटावी लागत नाही.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि गाणं मांडवातून रिक्षात, टपरीवर, चाळीच्या खोलीत गेलं. प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्या मुलांनी या काळावर राज्य केलं. आनंद शिंदेंचं ‘नवीन पोपट हा’ घरोघरी वाजलं आणि त्याच आवाजातली भीमगीतंही तितक्याच भक्तीने ऐकली गेली. आवाज एक, श्रोता एक, कॅसेटी मात्र वेगळ्या. १९९८ च्या ‘गारवा’पासून मराठी पॉपने शहरी प्रेम आणि पाऊस सुरेख गायला, ‘ऐका दाजिबा’ने नाचाची हौस भागवली. पण या गाण्यांतल्या नायकाला कधी घरभाडं भरावं लागल्याचं ऐकू येत नाही, आणि त्याची जात कुणी विचारत नाही.

ती ‘सैराट’मध्ये विचारली गेली. २०१६ च्या या चित्रपटात अजय-अतुल यांची फक्त चार गाणी आहेत. वाद्यवृंद थेट अमेरिकेत ध्वनिमुद्रित केलेला. या गाण्यांत संदेशाचा एक शब्द नाही. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी संदेश गाण्यांच्या जागेत ठेवला. आर्ची-परश्या गावात असेपर्यंत गाणी ओसंडून वाहतात. ते पळून हैदराबादला जातात, तो डोशाच्या गाडीवर आणि ती बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, तेव्हा नाच कुठल्या कुठे जातो. चित्रपट पाहून आलेल्याला ‘झिंगाट’ पूर्वीसारखं ऐकता येत नाही. तरी हळदीत ते वाजतं तेव्हा चित्रपटाचा रक्तरंजित शेवट कुणी आठवत नाही, ही खंत आहेच.

अलीकडे मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप चमूने प्रकाश भोईर यांच्यासोबत वारली आदिवासींचा आणि आरेच्या जंगलाचा प्रश्न गायला. आशय पक्का आहे, ठेका अंगात भिनणारा आहे. पण रॅपमध्येही पुन्हा तीच वाटणी दिसते. प्रश्नांचं रॅप एकीकडे, प्रेमाचं दुसरीकडे.

म्हणून माझी नजर पुन्हा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या पट्ट्याकडे वळते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला जवळच्या देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. पलीकडे तुकोबांचं देहू, अलीकडे चिंचवडचे मोरया गोसावी. पुढे आकुर्डीत बजाज आली, पिंपरीत टेल्को आली, नंतर चाकणला फोक्सवॅगन आणि महिंद्र. मराठवाडा, सोलापूर, विदर्भातून आलेली पोरं इथे कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात, सेकंड शिफ्ट सुटल्यावर मध्यरात्री कानात इअरफोन घालून कंपनीच्या बसमध्ये बसतात. गावी स्थळ पाहायला गेलं की मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, “पर्मनंट आहे का?” तो ठेकेदाराकडे असतो. तिथेच बोलणं थांबतं. आपल्या पसंतीने जोडीदार निवडला असेल तर जात आडवी येते, आणि जातीतून सुटलं तर नोकरी.

इथे प्रेम आणि सामाजिक प्रश्न जोडायला कवीला कसरत करावी लागणार नाही. ठेकेदारी हाच प्रेमातला अडथळा आहे. असेम्ब्ली लाइनवर उभी राहणारी, स्वतःच्या पगारावर गावी भावाची फी भरणारी मुलगी ही आजची मैना आहे आणि ती गावावर राहिलेली नाही. तिच्या तोंडून गाणं आलं तर छक्कडीचा मोहराच बदलेल. ते नाचायला लावणारं असलं पाहिजे, कारण बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला रडगाणं ऐकवणं हा अन्याय आहे. आणि त्यात युनियन, पीएफ, गेटपास, ब्रेक दिल्यावर रिकामी करावी लागणारी खोली हे शब्द लाजेविना आले पाहिजेत.

अशा गाण्यांचा अल्बम करायला आता मोठी कंपनी लागत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण होतं, यूट्यूबवर चढवता येतं. कडूबाई खरात यांची एकतारी याच वाटेने महाराष्ट्रभर पोचली. निगडीच्या आणि पिंपरीच्या पर्वांत गाजलेल्या नावांबरोबर एखादी रात्र चाकण, भोसरी, तळवड्याच्या कामगार पोरापोरींच्या नव्या गाण्यांसाठी राखावी. अट एवढीच ठेवावी, की गाणं स्वतःचं हवं आणि त्यात प्रेम हवं.