स्मृतिभ्रंशाची रहस्यकथा वाचतांना

रहस्यकथा हातीं घेणारा वाचक एक गोष्ट गृहीतच धरतो. शोध करणाऱ्याची स्मरणशक्ति तल्लख असावयाची, आणि पहिल्या प्रकरणांत दिसलेली क्षुल्लक खूण त्याला शेवटच्या प्रकरणांत बरोबर आठवावयाची. पण शोध करणाऱ्यापाशीं हें स्मरणच नसेल, काल सांपडलेला धागा आज त्याच्या हातीं उरत नसेल, तर शोध चालावा कसा? एस. जे. वॉटसन या इंग्रज लेखकाची ‘बिफोर आय गो टु स्लीप’, म्हणजे ‘झोपीं जाण्यापूर्वी’, ही २०११ सालीं प्रसिद्ध झालेली पहिली कादंबरी याच प्रश्नावर उभी आहे.

कादंबरीची नायिका ख्रिस्तीन ४७ वर्षांची आहे. पण सकाळीं जागी होते ती आपण अजून विशींत आहों अशा समजुतीनें. शेजारीं निजलेला प्रौढ पुरुष कोण हें तिला कळत नाहीं. स्नानगृहांतील आरशाभोंवतीं लावलेलीं छायाचित्रें पाहून आपलें अर्धें आयुष्य सरलें आहे हें तिला उमगतें. तो पुरुष सांगतो, ‘मी तुझा पति बेन, तुला अपघात झाला होता.’ रात्रीं झोंप लागली कीं दिवसभरांत जाणलेलें सारें पुसलें जातें. पतीच्या नकळत एक तरुण डॉक्टर तिला रोजनिशी लिहावयास लावतो, आणि ती कपाटांत कोठें लपविली आहे हें सकाळीं दूरध्वनीवरून कळवितो. ती वही उघडतांच बेनवर विश्वास ठेवूं नये अशी ताकीद तिला दिसते, आणि अक्षर तिचें स्वतःचेंच! पुढील कथा मी सांगणार नाहीं. रहस्यकथेचा शेवट सांगणें म्हणजे दुसऱ्याच्या ताटांतील घास उचलणें.

विस्मृतीवर कथा रचणें आपल्याला नवें नाहीं. शाकुंतलांतला दुष्यंत शापामुळें शकुंतलेला विसरतो आणि अंगठी दिसतांच त्याला सारें आठवतें. परंतु तेथें विसरणारा राजा आहे. त्याच्या विस्मृतीचें दुःख भोगावें लागतें तें दुसऱ्याला. येथें विसरणारीच परस्वाधीन आहे. शिवाय अंगठीला खोटें बोलतां येत नाहीं. छायाचित्राचा अर्थ सांगणाऱ्या मनुष्याला मात्र तें येतें. कादंबरींतील भीतीचें मूळ येथें आहे.

या कल्पनेला वास्तवाचा आधार आहे. हेन्री मोलेसन या अमेरिकन गृहस्थावर अपस्माराच्या उपचारासाठीं १९५३ सालीं, वयाच्या २७ व्या वर्षीं, मेंदूची शस्त्रक्रिया झाली. विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदानें मेंदूच्या दोन्ही बाजूंकडील आंतला कांहीं भाग काढून टाकला. झटके कमी झाले. पण त्या दिवसापासून नवी घटना मोलेसन यांच्या मनांत टिकेना. लक्ष दुसरीकडे वळलें कीं नुकतेंच झालेलें संभाषणही नाहींसें होई. बालपण आठवे, आणि बुद्धि तर शाबूत होती. २००८ सालीं त्यांचें निधन होईपर्यंत शास्त्रीय ग्रंथांत ते ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनींच ओळखले जात.

ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं त्यांना आरशांत पाहून तारकेची आकृति दोन रेघांच्या मधून गिरविण्यास दिली. हें काम पहिल्यानें कोणालाही अवघड जातें. तीन दिवसांत मोलेसन यांचा हात चांगला बसला. मात्र पूर्वी आपण हें केलें आहे याची त्यांना दररोज कांहींच आठवण नसे. म्हणजे स्मृति ही एकच एक पेटी नव्हे. घटना लक्षांत राहण्याची व्यवस्था निराळी, हाताला संवय लागण्याची निराळी. जिनीव्हाचे क्लापारेद यांनीं १९११ सालींच याहून विलक्षण अनुभव नमूद केला होता. स्मृति गेलेल्या एका बाईशीं हस्तांदोलन करतांना त्यांनीं हातांत टांचणी लपविली. थोड्या वेळानें बाई तो प्रकार विसरली. तरी पुन्हां हात पुढें होतांच तिनें आपला मागें घेतला. कारण ठाऊक नाहीं, पण भय मात्र शिल्लक, ही अवस्था ध्यानांत ठेवून ख्रिस्तीनची अस्वस्थता वाचावी.

एका बाबतींत मात्र कादंबरी शास्त्राला सोडून जाते. मेंदूच्या इजेमुळें होणारी विस्मृति सहसा झोंपेची वेळ पाळीत नाहीं. उलट निद्रा ही दिवसाच्या आठवणी पक्क्या करण्यास साहाय्य करते. रोज रात्रीं पाटी पुसली जाणें ही लेखकानें कथेसाठीं घेतलेली सवलत होय. तिच्यामुळेंच दिवसभर शोध आणि सकाळीं पुन्हां श्रीगणेशा अशी कथेची लय साधते.

अशा पुस्तकांत वाचकावर एक निराळें काम येऊन पडतें. नायिकेला कालचें आठवत नाहीं, आपल्याला आठवतें. तिची स्मृति आपण होतों. म्हणून रोजनिशी वाचतांना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या : तिनें डोळ्यांनीं पाहिलेलें, तिला कोणी सांगितलेलें, आणि तिला ‘आठवलेलें’. यांतील तिसऱ्याविषयींही सावध असावें. स्मरण म्हणजे साठविलेल्या चित्राचें दर्शन नसून दर वेळीं केलेली पुनर्रचना असते, असें बार्टलेट या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञानें १९३२ सालीं प्रतिपादिलें, आणि पुढील संशोधनानें त्यास पुष्टि मिळाली आहे. ऐकलेलें हळूहळू आठवलेलें वाटूं लागतें. हें निरोगी माणसाच्या बाबतींतही घडतें.

पुस्तक मिटल्यावरही उरणारी गोष्ट हीच. वार्धक्यांत स्मृति मंदावलेली माणसें पुष्कळ घरांत असतात. त्यांना त्यांच्या आयुष्याची हकीकत आपणच सांगत असतों. सोयीसाठीं त्यांतला एखादा मृत्यु, एखादें भांडण गाळतों. कधीं तें दयेपोटींही असतें. परंतु ऐकणाऱ्याजवळ पडताळा पाहण्याचें साधन नसतें. आपण सांगूं तोच त्याचा भूतकाळ होतो. म्हणून सोय कोणाची पाहिली, त्याची कीं आपली, हें सांगणाऱ्यानेंच मनाला विचारावयास हवें. तें विचारणारा दुसरा तेथें कोणी नसतो.