चंद्राची शुभ्रता आणि मंगळाची लाली

संस्कृत कोशांत चंद्रासाठी ‘शुभ्रांशु’ आणि मंगळासाठी ‘लोहितांग’ अशी नावे आढळतात. दोन्ही बहुव्रीही समास होत. ज्याचे किरण शुभ्र तो शुभ्रांशु; ज्याचे अंग तांबडे तो लोहितांग. पहिल्यात रंग किरणांचा सांगितला आहे, दुसऱ्यात अंगाचा. हा भेद खगोलशास्त्रीय ज्ञानातून आला असे मानण्याचे कारण नाही. तथापि खडकाळ गोलांच्या रंगाचा विचार करताना तो फार उपयोगी पडतो.

चंद्राचे अंग शुभ्र नाही. त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे १२ टक्केच प्रकाश तो परत पाठवतो; हे प्रमाण झिजलेल्या डांबरी रस्त्याच्या जवळपास जाते. मग तो शुभ्र का दिसतो? त्याच्यावर प्रखर ऊन पडलेले असते, भोवती काळे आकाश असते, आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्यासमोर तुलनेसाठी दुसरी उजळ वस्तू नसते. अशी वस्तू शेजारी येताच निर्णय पालटतो. १६ जुलै २०१५ रोजी सुमारे १६ लाख किलोमीटर अंतरावरील ‘डिस्कव्हर’ या उपग्रहाने पृथ्वीसमोरून सरकणाऱ्या चंद्राची छायाचित्रे टिपली. सुमारे ३० टक्के प्रकाश परत पाठवणाऱ्या पृथ्वीपुढे तोच चंद्र काळसर, मातकट दिसला.

या करड्या अंगावरही छटा आहेत. उजळ उंच प्रदेशांत कॅल्शियम व ॲल्युमिनियमयुक्त फेल्डस्पार विपुल आहे. ज्या डागांवरून चंद्र ‘शशांक’ झाला, ते लोहयुक्त बेसाल्टचे सखल प्रदेश होत. १९६९ साली अपोलो-११ जेथे उतरले त्या शांतिसागराच्या खडकांत टायटॅनियम अधिक आहे. म्हणून तो भाग शेजारच्या प्रदेशांहून किंचित निळसर भासतो. शिवाय सूक्ष्म उल्कांचे आघात व सौरवारा यांमुळे मातीच्या कणांवर लोहाचे अतिसूक्ष्म कण साचतात आणि पृष्ठभाग हळूहळू काळवंडतो, किंचित तांबूसही होतो. त्यामुळे चांदणे सूर्यप्रकाशाहून थोडे तांबूसच असते, जरी डोळ्याला ते रुपेरी वाटते.

मंगळावरही बेसाल्टच मुख्य आहे. मात्र तेथील लोहाचा ऑक्सिजनशी संयोग झाला. त्यातून बनलेली गंजासारखी बारीक धूळ वाऱ्याने सर्वत्र पसरली. लोहाची ही संयुगे निळा प्रकाश शोषतात व तांबडा परत पाठवतात. चंद्रावर हवा जवळजवळ नाही व पाणी अत्यल्प आहे. म्हणून तेथील लोह बहुतांशी गंजलेले नाही. म्हणजे एकाच मूलद्रव्याने एका गोलाला काळिमा दिला आणि दुसऱ्याला लाली.

परंतु ‘लोहितांग’ हे नावही त्वचेपुरतेच खरे आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ या गाडीने मंगळावरील खडकाला छिद्र पाडले, तेव्हा आतून करडा चुरा निघाला. रंग ठरविताना यंत्रेही निःशंक नसतात. जुलै १९७६ मध्ये वायकिंग-१ च्या पहिल्या रंगीत छायाचित्राची जी प्रत प्रथम सिद्ध झाली, तीत मंगळाचे आकाश निळसर होते. कॅमेऱ्याचे रंगमापन सुधारल्यावर ते तांबूस ठरले.

तात्पर्य, रंगवाचक विशेषण वस्तूचा स्थिर गुण सांगते ही समजूत अपुरी आहे. द्रव्य, त्याच्या कणांची अवस्था, पडणारा प्रकाश, मधले वातावरण आणि शेजारची वस्तू या सर्वांच्या संबंधातून रंग ठरतो, आणि विशेषण त्या संबंधाला एकच नाव देते. ‘चंद्र पांढरा आहे’ या साध्या वाक्यात हा सारा संबंध लुप्त होतो. शुभ्रता किरणांची म्हणणारा जुना समास त्याहून अधिक अचूक ठरतो. आणि मंगळाला लोहितांग म्हणताना अंग किती खोलवर तांबडे, हा प्रश्न शिल्लक ठेवावा लागतो.