लाइट नाही, गाडी चार्ज कशी करायची?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. विजेचे खांब आडवे झाले. काही गावांत लाइट यायला कित्येक आठवडे गेले. तेव्हा कोकणात विजेवरच्या मोटारी अगदीच मोजक्या होत्या, आता त्या वाढल्या आहेत. म्हणून मला हमखास विचारलं जातं, की चार दिवस लाइट नसेल, तर मंडपवाल्याच्या जनरेटरवर गाडी चार्ज होईल का? होईल. पण काही गोष्टी आधी समजून घ्यायला हव्यात.

पहिली गोष्ट ताकदीची. घरातल्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर गाडी साधारण ३.३ किलोवॅट वीज ओढते, आणि तीही तासन्‌तास, न थांबता. जनरेटरवरचा आकडा केव्हीएमध्ये असतो. त्याला सर्वसाधारणपणे ०.८ ने गुणलं, की किलोवॅट मिळतात. म्हणजे २ केव्हीएचा जनरेटर १.६ किलोवॅट देणार. त्याला हा भार झेपायचा नाही. इथे ५ केव्हीएचं यंत्र हवं. काही गाड्यांत किंवा चार्जिंगच्या केबलवर करंट कमी करण्याची सोय असते. तो ६ अँपिअरवर आणला, तर भार १.४ किलोवॅटच्या आसपास येतो आणि लहान जनरेटरवरही काम भागतं. मात्र तासाभरात जेमतेम सात किलोमीटरची सोय होते.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. चार्जिंगच्या केबलवर जी छोटी पेटी असते, ती वीज सोडण्याआधी अर्थिंग तपासते. हलवता येणाऱ्या जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा जमिनीशी जोडलेला नसतो. मग पेटीवर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. लोकांना वाटतं, जनरेटर बिघडला. खरं तर पेटी आपलं काम चोख करत असते. अशा वेळी जाणकार वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगची जोडणी करून घ्यावी. पेटीला फसवण्याचा जुगाड मात्र करू नये. पावसात, ओल्या जमिनीवर उभं राहून आपण गाडीला हात लावणार असतो, हे विसरू नका.

तिसरी गोष्ट जिवाची. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पाऊस लागतो म्हणून जनरेटर पडवीत, गॅरेजात किंवा तळघरात आणू नका. दारं-खिडक्यांपासून वीसेक फूट लांब, मोकळ्यावर, वरून आडोसा करून तो ठेवा. आणि केबल थेट जनरेटरलाच लावा. काही जण जनरेटरची वीज घरातल्या प्लगमधून उलटी आत सोडतात. मेन स्विच चालू राहिला, तर ती वीज रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्टची होऊन तारांमध्ये जाते. वादळानंतर त्याच तारांवर लाइनमन काम करत असतो. घराला वीज द्यायची असेल, तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.

आता खर्चाचा हिशेब. लहान जनरेटर एक लिटर पेट्रोलमधून फार तर दोन युनिट वीज काढतो. चार्ज होताना थोडी वाया जाते. एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरले, तर लिटरमागे अकरा किलोमीटर पडतात. छोटी पेट्रोल मोटार याहून बरीच जास्त धावते. रोजच्या वापराला हा सौदा तोट्याचाच. पण रुग्णाला वीस किलोमीटरवरच्या इस्पितळात न्यायचं असेल, तर दोन लिटर पेट्रोल आणि तासाभराचा वेळ यात काम होतं. तिथे हिशेब कोण करतो?

एक उलटी वाटही आहे. २०२३ मध्ये आलेल्या नव्या नेक्सॉन ईव्हीसारख्या काही गाड्यांमधून वीज बाहेरही घेता येते. अशा गाडीत तीस युनिट साठा असेल आणि फ्रिज, दोन पंखे, चार दिवे यांना दिवसाला चार-पाच युनिट लागत असतील, तर पाच-सहा दिवस निघतात. धूर नाही, आवाज नाही. वादळाचा इशारा हल्ली दोन-तीन दिवस आधी मिळतो. तो कानावर पडला, की मेणबत्त्या आणायला धावण्याआधी गाडी पूर्ण चार्ज करून ठेवा. जनरेटरची वेळ बहुधा येणारच नाही.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)