फुकट ते पौष्टिक?

‘फुकट ते पौष्टिक’ असं आपण हसत हसत म्हणतो. मोबाइल आणि इंटरनेटच्या बाबतीत तर ते आपलं ब्रीदवाक्यच झालंय. ढोकळा फसला, लाव व्हिडिओ. मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती हवी, उघड विकिपीडिया. गटाच्या मसाल्याच्या पाकिटाला लेबल करायचंय, घे एखादा छानसा फॉन्ट उतरवून. पैसे? छे, त्याला कुठे पैसे पडतात! महिन्याचा रिचार्ज मारला की झालं.

पण मैत्रिणींनो, रिचार्जचे पैसे जातात मोबाइल कंपनीला. विकिपीडियावर लेख लिहिणाऱ्याला किंवा फॉन्टचं एकेक अक्षर घडवणाऱ्याला त्यातला एक रुपयाही पोचत नाही. मग हे सगळं चालतं कशावर? पुष्कळदा कुणाच्या तरी हौसेवर, चिकाटीवर आणि रात्री जागून केलेल्या कामावर.

बिनपगारी काम म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची सरकारने २०२४ मध्ये देशभर पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ८८, असं त्यात दिसलं. तरीही ‘तू काय, घरीच तर असतेस’ हे वाक्य आपण ऐकतोच ना? इंटरनेटवर आपल्यासाठी राबणाऱ्या माणसांना आपणही नकळत तेच ऐकवत असतो.

<b>आपल्या उपयोगाचं बरंच काही</b>

आधी काही उपयोगी साधनं सांगते. घरच्या कॉम्प्युटरवर लग्नाचा जुना व्हिडिओ लागत नसेल, तर व्हीएलसी नावाचा प्लेअर टाकून बघा. जवळजवळ कुठलाही व्हिडिओ तो चालवतो, मध्ये एकही जाहिरात येत नाही. १९९६ मध्ये पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केलं आणि २००१ पासून ते सगळ्यांसाठी खुलं केलं. जाहिराती टाकायला मोठमोठ्या रकमा देऊ केल्या गेल्या, तरी ती मंडळी बधली नाहीत.

बचत गटाचा जमाखर्च ठेवायला, अर्ज-पत्रं लिहायला लिबरऑफिस आहे. २०१० पासून एक ना-नफा संस्था आणि जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. त्यात मराठी छान टाइप होतं, विकतचं सॉफ्टवेअर घेण्याची गरज पडत नाही.

लेबल, पत्रिका, हळदीकुंकवाचं आमंत्रण यासाठी ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे देवनागरी फॉन्ट बघा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने ते केले आणि मोकळ्या परवान्यावर दिले. म्हणजे तुमच्या पापडाच्या पाकिटावर ते छापून तुम्ही धंदा केलात, तरी चालतं. देवनागरीच्या एका फॉन्टसाठी नुसती बाराखडी पुरत नाही. जोडाक्षरं, रफार, रुकार धरून शेकडो आकार काढावे लागतात. ‘बालू’ तर त्यांनी नऊ भारतीय लिप्यांत केलाय.

आणि विकिपीडिया. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावर लिहिणाऱ्यांना पगार नाही, पानावर जाहिरात नाही. कॉम्प्युटर आणि जागेचा खर्च लोकांच्या देणग्यांतून भागतो.

<b>एकट्यादुकट्याच्या खांद्यावर जग</b>

तुम्ही म्हणाल, देणारे देतात, घेणारे घेतात, बिघडतं कुठे? तर २०१४ सालची गोष्ट ऐका. आपण बँकेच्या साइटवर जातो तेव्हा पत्त्याशेजारी एक छोटं कुलूप दिसायचं, आठवतं? पासवर्ड कुणाला मध्येच वाचता येऊ नये म्हणून ती सोय असते. जगातल्या असंख्य साइट्सचं हे कुलूप ‘ओपनएसएसएल’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर चालतं. एप्रिल २०१४ मध्ये लक्षात आलं की त्यात एक भोक राहिलंय आणि दोन वर्षं ते कुणाला दिसलंच नाही. ‘हार्टब्लीड’ या नावाने ती चूक जगभर गाजली. चौकशी केली तर काय? मोठमोठ्या कंपन्या ज्याच्या जिवावर निर्धास्त होत्या, ते काम मूठभर माणसं सांभाळत होती. त्यातला पूर्णवेळ एकच. देणग्या यायच्या वर्षाला साधारण २,००० डॉलर. मग धावाधाव झाली आणि मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन पैसा उभा केला. घरातली बाई आजारी पडली की मगच तिच्या कामाची किंमत कळते, अगदी तसंच.

<b>हात माझे, नाव मात्र नाही</b>

हे झालं दूरदेशीचं. आता आपल्या गल्लीतलं बघू. मराठी बायकांनी यूट्यूबवर चांगलं नाव कमावलंय. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये ‘मधुराज रेसिपी’ सुरू केलं, ते आज घरोघरी माहीत आहे. नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींच्या ‘आपली आजी’ने २०२० मध्ये खेड्यातल्या चुलीची चव जगभर नेली. पण अशी एक आजी दिसते, तेव्हा तिच्यामागे न दिसणाऱ्या कितीतरी जणी असतात.

आमच्या गटातली एक मैत्रीण जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते आणि टाके कसे घालायचे त्याचे व्हिडिओ टाकते. मुलं शाळेत, सासूबाई दुपारच्या झोपेत, तेवढ्या तासा-दीड तासात स्टुलाला मोबाइल बांधून चित्रण करायचं. मधेच कुकरची शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून! मागच्या वर्षी तिचा एक व्हिडिओ कुणीतरी उतरवून घेतला, वरचं नाव कापलं आणि व्हॉट्सअॅपवर सोडून दिला. फिरत फिरत तो तिच्या नणंदेच्या ग्रुपवरून तिच्याचकडे आला, ‘बघ, किती सुरेख शिवलंय’ असं लिहून. ती मला म्हणाली, “ताई, हात माझे, बांगड्या माझ्या, गोधडी माझी. फक्त नाव तेवढं नाही.” घरी तर ‘किती मिळाले?’ हा प्रश्न रोजचाच. तिने चॅनल बंद करायचं जवळजवळ ठरवलं होतं.

यात नुकसान काय होतं, ते नीट समजून घ्या. यूट्यूबच्या जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर लागतात आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी मिळून ४,००० तास व्हिडिओ पाहिलेले असावे लागतात. (अगदी छोट्या ‘शॉर्ट्स’साठी हिशेब वेगळा आहे.) ही अट पुरी झाली की मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के बनवणारीला मिळतात. आता गणित करा. दहा मिनिटांचा व्हिडिओ २४,००० वेळा पूर्ण पाहिला गेला, तर ४,००० तास भरतात. व्हॉट्सअॅपवर फिरलेला व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला तरी तिच्या खात्यात एक मिनिटही जमा होत नाही. आपण ‘कौतुकाने’ पुढे ढकलतो आणि तिच्या वाट्याला भोपळा!

<b>आपल्याला काय करता येईल?</b>

पहिली गोष्ट, व्हिडिओ नाही, त्याची लिंक पुढे पाठवा. दुसरी, आवडलं तर सबस्क्राइब करा आणि खाली दोन ओळी लिहा. ‘छान’ एवढंच नको. ‘तुमच्या पद्धतीने चकली केली, खुसखुशीत झाली’ असं लिहिलंत तर तिला हुरूप येतो. तिसरी, कुणाची पाककृती, रांगोळी, कविता पुढे पाठवताना नाव राहू द्या. नाव माहीत नसेल तर शोधा. चौथी, तिच्याकडे काही विकत मिळत असेल तर तिथूनच घ्या, आणि घासाघीस जरा कमी करा.

पैसे द्यायचे असतील तर काही चॅनलवर वर्गणी भरून सदस्य होता येतं. विकिपीडिया, व्हीएलसी, लिबरऑफिस यांच्या साइटवर देणगीचं पान असतं. रक्कम छोटी असली तरी हरकत नाही. आणि पैसे नसतील तर वेळ द्या. विकिपीडियावर लिहिणाऱ्यांत बायकांचं प्रमाण जगभरच फार कमी आहे. आपल्या गावची जत्रा, तिथला पदार्थ, एखादी विस्मरणात गेलेली लेखिका यांची माहिती छापील पुस्तकाच्या आधाराने तुम्ही लिहू शकता.

फक्त सावध राहा. मदतीच्या नावाखाली व्हॉट्सअॅपवर आलेला क्यूआर कोड स्कॅन करू नका. देणगी द्यायची तर मूळ साइटवर स्वतः जाऊन. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

गोधडीवाल्या मैत्रिणीचं पुढे काय झालं, असं विचाराल. तिचा हजाराचा टप्पा अजून गाठायचा आहे. पण आमच्या गटातल्या सगळ्या जणींनी सबस्क्राइब केलं, व्हिडिओऐवजी लिंक पाठवायची हा ग्रुपचा नियमच करून टाकला. आता ती प्रत्येक व्हिडिओत गोधडीच्या कोपऱ्यात आपलं नाव टाक्यांनी घालते. ते कापायचं तर गोधडीच कापावी लागेल! बाळंतविड्यासाठी दुपट्याच्या चार ऑर्डरीही तिला त्यातूनच आल्या. चॅनल चालू आहे.

आपण संक्रांतीला वाण लुटतो. प्लॅस्टिकचे डबे, गाळणी, वाट्या घराघरांत साठल्यात. येत्या संक्रांतीला त्यातले थोडे पैसे बाजूला काढून ज्यांच्याकडून आपण वर्षभर फुकट शिकलो, त्यांना पाठवले तर? आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला आपल्याच गावातल्या एका होतकरू बाईच्या चॅनलचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं तर? बघा, पटतंय का!